जुना कॅमेरा आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड

(संस्थेच्या विज्ञान मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडलेला असेल. कुवेत, दुबई, दोहा येथून सुट्टीवर येणाऱ्या मंडळींनी २००३ ते २०१० च्या सुमारास तो आणला. त्यावर लग्नाचे, अकीक्याचे, हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांना निरोप देतानाचे फोटो निघाले. पुढे मोबाईलमध्येच कॅमेरा आला आणि हा मागे पडला. भंगारवाला त्याचे काही देत नाही आणि आपल्याला तो टाकवतही नाही.

त्याच घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आणखी एक वस्तू पडून असते. ती म्हणजे जुने कागद. पणजोबांच्या वेळचे मोडीतले खरेदीखत, फारसीतली एखादी सनद, निकाहनामा, आजीच्या वडिलांनी हाताने उतरवून घेतलेली दुआंची वही. ओल लागून कागद तपकिरी झालेला, डाग पडलेले, अक्षर दिसत नाही म्हणून फडक्यात बांधून ठेवलेले. कधी घर पाडून नवे बांधायला काढले, की हे गाठोडे विहिरीत किंवा जाळात जाते. या दोन अडगळींची एकमेकींशी ओळख करून द्यावी, यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम उजेडाविषयी थोडे बोलले पाहिजे. इब्न अल-हैसम हे नाव आपल्या सभांतून फार घेतले जाते. नाव घेऊन टाळ्या मिळतात, पण त्याने नेमके काय केले हे क्वचितच सांगितले जाते. सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेला आणि सुमारे १०४० साली काहिऱ्यात वारलेला हा माणूस ‘किताब अल-मनाझिर’ या आपल्या ग्रंथात एक प्रयोग देतो. अंधाऱ्या खोलीला एक भोक ठेवा. बाहेर भोकासमोर निरनिराळ्या जागी दिवे लावा. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडतील. एक दिवा झाका, फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होईल. फडके काढा, ठिपका पुन्हा येईल. म्हणजे एकाच भोकातून जाताना उजेड एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक आपल्या सरळ रेषेने जातो. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात हे जुने मत त्याने नाकारले आणि उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो असे मांडले. त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ साली बाझल येथे छापले गेले. मला त्याचा थोरपणा दिसतो तो फडके आणि दिवा हातात घेण्यात. अमुक मोठ्या माणसाने म्हटले आहे एवढ्यावर तो थांबला नाही.

असेच फडके-दिव्याचे काम इंग्लंडात १८०० साली विल्यम हर्शेल याने केले. हा मूळचा जर्मन वादक. १७८१ साली युरेनस ग्रह त्यानेच शोधला होता. सूर्याच्या कोणत्या रंगात उष्णता किती, हे त्याला पाहायचे होते. लोलकातून सूर्यप्रकाश टेबलावर पाडून त्याने एकेका रंगात उष्णतामापी ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसा पारा अधिक चढत गेला. मग तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे त्याने उष्णतामापी ठेवला. तिथे पारा सर्वांत जास्त चढला. तेच आपल्या पाठ्यपुस्तकातले अवरक्त किरण, इंग्रजीतले इन्फ्रारेड. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड पाहतो. ७०० च्या पुढे आपण आंधळे.

कॅमेरा मात्र आंधळा नाही. डिजिटल कॅमेऱ्यात भिंगामागे फिल्मच्या जागी सिलिकॉनची एक चकती बसवलेली असते, तिला सेन्सर म्हणतात. सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड कळतो. विश्वास बसत नसेल तर घरी जाऊन टीव्हीचा रिमोट जुन्या कॅमेऱ्यासमोर किंवा मोबाईलच्या पुढच्या, म्हणजे आपलाच चेहरा दाखविणाऱ्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण पडद्यावर रिमोटच्या टोकाचा दिवा लुकलुकताना दिसेल. सगळ्या मोबाईलमध्ये दिसेलच असे नाही. तो कॅमेरा हे किरण किती अडवतो यावर ते आहे.

आता कोणी विचारील, कॅमेऱ्याला हा उजेड कळतो तर आपले फोटो नेहमीसारखे कसे येतात? कंपनीवाले सेन्सरच्या पुढे नखाएवढी एक काच बसवतात. काही कॅमेऱ्यांत ती निळसर-हिरवट असते, काहींत तिरकी धरली की गुलाबी चमकते. अवरक्त किरणांना आत जाऊ न देणे हेच तिचे काम. ती नसती तर नववधूच्या शालूचे रंग चुकीचे आले असते. ती काच काढणे, हेच कॅमेरा इन्फ्रारेडचा करणे. सांगायला एका वाक्याचे काम आहे, पण करायला एक पूर्ण दुपार लागते आणि त्यात एक जागा अशी आहे की जिथे जिवाशी खेळ होऊ शकतो. म्हणून ती जागा आधी सांगतो.

फ्लॅश असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात करंगळीच्या पेराएवढे एक नळकांडे असते, त्याला कपॅसिटर म्हणतात. त्यात सुमारे ३०० व्होल्टचा विद्युतभार साठतो. सेल काढले म्हणजे तो गेला असे नाही. कॅमेरा बंद असला तरी तो बराच काळ टिकू शकतो. बोट लागले तर असा झटका बसतो की माणूस हातातले टाकून देतो, आणि ज्याचे हृदय कमजोर आहे त्याच्यावर याहूनही वाईट प्रसंग ओढवू शकतो. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे नाही. शाळेतले विज्ञान शिक्षक, आयटीआय झालेला एखादा भाऊ किंवा बाजारातला टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर, यांच्यापैकी कोणीतरी ते करील. रबरी हातमोजे घालून, १ ते २ हजार ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर मूठ असलेल्या चिमट्याने कपॅसिटरच्या दोन टोकांवर काही सेकंद धरायचा आणि मग मीटर लावून व्होल्ट खरोखर उतरले की नाही ते पाहायचे. मीटर शून्याजवळ आल्याशिवाय पुढे जायचे नाही. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून मोकळा करण्याची पद्धत काही लोक दाखवतात. ती मुलांसमोर तर नकोच, एरवीही नको.

यासाठी कॅमेरा निवडताना चालू स्थितीतला, साधा, खिशात मावणारा घ्यावा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असल्यास उत्तम, कारण जुन्या खास बॅटऱ्या आता सहज मिळत नाहीत. महागडा कॅमेरा पहिल्या खेपेला घेऊ नये. स्क्रू फार बारीक आणि निरनिराळ्या लांबीचे असतात. घड्याळजीकडे असतो तसा स्क्रू ड्रायव्हर हवा. एका कोऱ्या कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून, निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावून ठेवायचा. हे काम विद्यार्थ्यांनी करावे, आणि माझा अनुभव असा की मुली ते मुलांपेक्षा नीटनेटके करतात. शिवणाच्या मशीनची बॉबिन ज्या हाताला कळते त्याला हे कठीण नाही.

मागचे झाकण निघाले की पडदा अलगद बाजूला करायचा. तो कागदासारख्या चपट्या पट्टीने जोडलेला असतो. ती ओढायची नाही. त्याखाली भिंगाच्या पाठीशी एक लहानशी पत्र्याची पाटी, बहुधा तीन स्क्रूंनी बसवलेली. हाच सेन्सर. या तीन स्क्रूंखाली कधी बारीक स्प्रिंगा असतात. सेन्सर सरळ बसावा म्हणून कारखान्यात त्यांचे आटे मोजून लावलेले असतात. म्हणून स्क्रू किती फेऱ्यांत सुटला हे मोजून लिहून ठेवायचे आणि बसवताना तितक्याच फेऱ्या द्यायच्या. पाटी उचलली की रबराच्या चौकटीत ती रंगीत काच दिसते. तिची कड धरून ती काढायची आणि नाव घालून डबीत ठेवायची. सेन्सरच्या अंगची पारदर्शक काच वेगळी, तिला हात लावायचा नाही. धूळ बसली तर रबरी फुग्याने उडवायची; तोंडाने फुंकर मारली की थुंकीचा थेंब गेलाच.

काच काढली की काम झाले असे वाटते, पण इथे दहावीच्या पुस्तकातला अपवर्तनांक आडवा येतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५. भिंगातून येणारे किरण काचेच्या तुकड्यातून गेले की त्यांचा एकत्र येण्याचा बिंदू काचेच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांशाने मागे सरकतो. काच १.२ मिलिमीटर जाड असेल तर ०.४ मिलिमीटरने. काच काढून टाकली की तो बिंदू तितकाच पुढे येतो, प्रतिमा सेन्सरच्या अलीकडे पडते, आणि कॅमेऱ्याची अवस्था लांबचे न दिसणाऱ्या माणसासारखी होते. जवळचे फूल स्पष्ट, लांबचा डोंगर अंधुक. भिंग पुढेमागे करून कॅमेरा थोडे सांभाळून घेतो, पण नेहमी पुरे पडत नाही. उपाय साधा आहे. तितक्याच जाडीची साधी पारदर्शक काच तिथे बसवायची. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी साधारण १ मिलिमीटर जाड असते. काच कापणाऱ्याकडून तिचा तुकडा कापून घ्यावा. ज्या मुलाने हे गणित वहीत सोडवले आणि मग त्याच काचेने डोंगर स्पष्ट झालेला पाहिला, त्याला अपवर्तनांक पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आता हा कॅमेरा दिसणारा आणि न दिसणारा असा दोन्ही उजेड घेतो. दिसणारा अडवायला भिंगापुढे काळी गाळणी हवी. ७२० नॅनोमीटरची तयार गाळणी बाजारात मिळते. ती परवडत नसेल तर जुन्या रंगीत निगेटिव्हचे टोक शोधा, धुण्याआधीच उजेड लागून पूर्ण काळे झालेले. त्याचे दोन थर भिंगापुढे धरले तरी सुरुवातीला भागते, कारण रंगीत फिल्ममधले रंग दिसणारा उजेड अडवतात पण अवरक्त सोडतात. एक्स-रेची काळी फिल्म चालत नाही. तिच्यात चांदीचे कण असतात आणि ते दोन्ही अडवतात. यातूनच एक सावधगिरी निघते. ही गाळणी डोळ्यांना काळी दिसते, पण सूर्याचे अवरक्त किरण तिच्यातून बिनअडथळा जातात. तिच्यातून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे कधीही पाहू नये. डोळा जळेल आणि जळताना कळणारही नाही.

तयार झालेला कॅमेरा उन्हात नेला की मुले पहिल्या फोटोलाच ओरडतात. आंब्याचे झाड बर्फ पडल्यासारखे पांढरे, आकाश काळेभोर, ढग कापसासारखे वर आलेले, खाडीचे पाणी शाईसारखे. अशी चित्रे प्रथम रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० साली प्रसिद्ध केली. पाने पांढरी दिसतात ती गरम असतात म्हणून नव्हे, हा गैरसमज फार आहे. पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड खाते, पण अवरक्त त्याला नको असतो. पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटून तो परत बाहेर येतो. आकाश काळे दिसते कारण हवेतले कण लहान तरंगांना जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड ७५० च्या उजेडाच्या जवळजवळ पावणेआठ पट विखुरला जातो. शेतीवर नजर ठेवणारे उपग्रह याच गुणावर चालतात. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आपल्या आयआरएस-१ए उपग्रहातल्या कॅमेऱ्यांत तांबड्याबरोबर अवरक्ताचाही पट्टा होता, कारण पीक निरोगी असले की ते अवरक्त जास्त परत पाठवते. पहिल्या फोटोत सगळे लालभडक आले तर घाबरू नका. गवतावर कॅमेरा धरून त्याचा ‘व्हाइट बॅलन्स’ लावून घ्या. काही कॅमेऱ्यांत फोटोच्या मधोमध एक फिकट गोल डाग येतो, तो भिंगाचा दोष. अशा वेळी दुसरा कॅमेरा पाहावा.

पण झाडे आणि ढग ही हौस झाली. पेटीतल्या कागदांकडे येतो.

१९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत बेदुईन मेंढपाळांना चामड्यावर लिहिलेल्या प्राचीन गुंडाळ्या सापडल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची हिब्रू आणि अरामी अक्षरे. पुष्कळ तुकडे काळे पडून अक्षर आणि चामडे एकाच रंगाचे झाले होते. जेरुसलेमच्या पॅलेस्टाइन पुराणवस्तू संग्रहालयात नजीब अल्बिना नावाचे पॅलेस्टिनी छायाचित्रकार होते. १९५० च्या दशकात त्यांनी या हजारो तुकड्यांचे इन्फ्रारेड फिल्मवर फोटो घेतले आणि काळ्यावरचे काळे अक्षर उठून आले. जगभरच्या विद्वानांनी पुढे कित्येक दशके वाचन केले ते बहुतांशी या फोटोंवरून. त्या काळी त्याला खास फिल्म लागे. कोडॅकने आपली प्रसिद्ध इन्फ्रारेड फिल्म २००७ साली बंद केली. आज तेच काम नखाएवढी काच काढलेला खिशातला कॅमेरा करू शकतो.

हे घडते कसे? त्या गुंडाळ्या मुख्यतः काजळीच्या शाईने लिहिल्या होत्या. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन अवरक्तही गिळतो. म्हणून ती शाई काळीच राहते. ओलीचे डाग, चहाचे डाग, जुनेपणाचा तपकिरीपणा हे मात्र अवरक्तात फिके पडतात. आपल्याकडेही दिव्याची काजळी आणि डिंक घोटून शाई करीत. उर्दूत शाईला रोशनाई म्हणतात. नावात उजेड आणि अंगात काजळी. जुनी मोडी आणि फारसी कागदपत्रे बहुधा अशाच शाईने लिहिलेली असतात, म्हणून ही युक्ती आपल्या पेट्यांना लागू पडते.

सगळ्यांना नाही, हेही सांगितले पाहिजे. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून केलेली शाई अवरक्तात फिकी होते. फाउंटन पेनची निळी शाई बहुधा साफ नाहीशी होते. त्यामुळे आजोबांची १९६० सालची पत्रे कोरी दिसली तर दचकू नका, मूळ कागद जसाच्या तसा असतो. लाल हिंगुळाने लिहिलेले मथळेही दिसेनासे होतात. म्हणून प्रत्येक कागदाचा एक साधा आणि एक इन्फ्रारेड असे दोन फोटो घ्यावेत आणि दोन्ही एकाच क्रमांकाने ठेवावेत. जांभळ्या शिक्क्याखाली दडलेले अक्षर मात्र अशा वेळी पुष्कळदा वर येते. कसरीने खाल्लेले भोक कोणताही उजेड भरून देत नाही.

घरात फोटो घेताना एक गोष्ट हमखास अडते. एलईडी दिव्यात आणि ट्यूबलाइटमध्ये अवरक्त जवळजवळ नसतोच, आणि फोटो काळा येतो. जुना पिवळा, तारेचा बल्ब लागतो, किंवा खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड. बल्ब कागदापासून दूर ठेवावा, कारण तो तापतो. कॅमेरा तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर पक्का करावा.

पालकांच्या मनात एक शंका असेल आणि ती रास्त आहे. हा कॅमेरा कपड्यांतून पाहतो का? १९९८ साली सोनी कंपनीच्या अंधारात चित्रण करणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी दिवसा काही पातळ कपड्यांपलीकडचे दिसते असे उघड झाले आणि कंपनीला आपल्या कॅमेऱ्यात बदल करावा लागला. तेव्हा शंका खोटी नाही. शरीराची उष्णता या कॅमेऱ्याला दिसत नाही, ती १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते. पण काही रंगवलेली पातळ कापडे अवरक्ताला थोडीफार पारदर्शक असतात हे खरे. हे झाकून ठेवण्यापेक्षा मुलांना स्पष्ट सांगावे आणि नियम करावा : या कॅमेऱ्याने माणसाचा फोटो घ्यायचा नाही. तो शाळेच्या कपाटात राहील, वहीत नोंद करून मिळेल, आणि वापरताना एक शिक्षक किंवा शिक्षिका हजर असतील. चाकू घरात असतोच, आपण तो मुलांच्या हाती नियमाने देतो. या भीतीपायी मुलींना मात्र या कामातून वगळू नका. तसे केले तर ज्यांच्या लाजेची आपण काळजी करतो त्यांचेच नुकसान होईल.

आणखी एक बोलतो. मूल घरातली वस्तू उघडते म्हणून त्याला रागावणारे पालक माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत. मेहनतीच्या पैशाची वस्तू आहे, राग साहजिक आहे. पण हाच मुलगा पुढे डिप्लोमाला गेला की आपण त्याने मशीन उघडावी म्हणून फी भरतो. बंद पडून दहा वर्षे झालेल्या वस्तूपासून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, ही सुरुवात लवकर झाली तर बिघडते काय?

कागद वाचता आले तरी मोडी आणि फारसी येणारा माणूस लागेल. फोटो घेऊन त्याच्याकडे जाणे सोपे. मूळ कागद घराबाहेर काढावा लागत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हे काम करणाऱ्या संस्थांत अशा कागदांची किंमत जाणणारे लोक आहेत. जमिनीच्या कामाचे कागद असतील तर त्यावर खुणा करू नका, खोडू नका; फोटो वाचायला, आणि कज्जा पडलाच तर मूळ कागद तो मूळ कागद.

पेटी उघडाल तेव्हा कागद उन्हात पसरू नका. घड्या जोराने उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका. ओलसर असतील तर पंख्याच्या थेट वाऱ्याखाली न ठेवता सावलीत दोन दिवस मोकळे ठेवा, कोऱ्या कागदात घाला, आणि मगच शाळेत आणा. कॅमेरे आणताना सेल काढून आणावेत, आणि सोबत त्याची चार्जर-वायर असेल तर तीही.